अतिशीत यंत्रे आणि आपले हात



वैशाखाच्या उंबरठ्यावर, सातारा-सांगलीच्या श्रोत्यांपुढे आम्ही थंडीविषयी बोलावयास उभे राहावे, हे थोडे विचित्र वाटेल. तीही महाबळेश्वरची गुलाबी थंडी नव्हे. जिच्याखाली थंडीच नाही, त्या उणे २७३ अंशांच्या अगदी काठावरची थंडी. परंतु क्वांटम गणकयंत्रांच्या एका प्रमुख जातीला या थंडीवाचून चालत नाही, आणि या यंत्रांवर आपल्या देशाने मोठी आशा ठेवली आहे. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंत त्यासाठी सुमारे ६,००३ कोटी रुपये खर्चावयाचे आणि आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिटांची गणकयंत्रे उभी करावयाची, असा संकल्प आहे.

क्युबिट म्हणजे या यंत्राचा मूळ घटक. आपल्या नेहमीच्या संगणकाचा घटक एका वेळी शून्य तरी असतो किंवा एक तरी. क्युबिट मात्र दोहोंच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. ही अवस्था अतिशय नाजूक असते. उष्णता म्हणजे अणूंची चुळबूळ. ती जरा वाढली की क्युबिटाची समाधी मोडते. म्हणून अतिवाहक धातूचे क्युबिट निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या हिश्शाइतक्या तापमानाला ठेवावे लागतात. ताऱ्यांमधल्या रित्या अवकाशाचे तापमानही शून्याच्या वर पावणेतीन अंश असते. हे पिंप त्याहून शेकडो पटींनी थंड!

ही थंडी पैदा होते हेलियम वायूपासून, आणि त्याच्या जन्मकथेशी आपल्या मुलखाचे नाते आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटात प्रथमच तपासला गेला. ते पाहण्यास शास्त्रज्ञांची पथके गुंटूरला, मच्छलीपट्टणला आणि आपल्या शेजारच्या जमखंडीलाही आली होती. जमखंडी हे सांगलीसारखेच पटवर्धनांचे संस्थान. साताऱ्याच्या डोंगरात उगम पावून सांगलीवरून जाणारी कृष्णा पुढे त्याच बाजूला वाहते. तेथे लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी ढगांच्या फटींतून त्या प्रकाशरेषा पाहिल्या. त्यांतल्या पिवळ्या रेषेचा पिच्छा पुढे इंग्लंडात लॉकियर यांनी पुरवला, आणि पृथ्वीवर कोणी पाहिला नव्हता अशा मूलद्रव्याला सूर्यावरून हेलियम हे नाव मिळाले.

या वायूचे पाणी करण्याचा मान मात्र हॉलंडातील लायडेनला गेला. १० जुलै १९०८ रोजी कामर्लिंग ओनेस यांनी तेथे हेलियम द्रवरूप केला. त्यांची विद्वत्ता मोठी होतीच. पण तिच्या जोडीला त्यांनी आणखी एक गोष्ट केली. प्रयोगशाळेला लागून त्यांनी उपकरणे घडवणाऱ्या कारागिरांची शाळा काढली. काच फुंकणारे, नळ्या जोडणारे, पंप दुरुस्त करणारे तरुण तेथे तयार झाले. या हातांच्या बळावरच लायडेन कित्येक वर्षे पृथ्वीवरचे सर्वांत थंड स्थान होऊन राहिले.

आपल्याकडेही दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत, कृष्णन संचालक असताना, १९५० च्या दशकातच द्रव हेलियम होऊ लागला होता. आणि २०२४ च्या ऑगस्टात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, संरक्षण संशोधन संघटनेच्या पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेबरोबर, सहा क्युबिटांच्या प्रक्रियकाची चाचणी पुरी केली. ती चकती कुलाब्यातच घडली. तिचा अभिमान बाळगावा तेवढा थोडाच.

पण ती चकती ज्या शीतयंत्रात टांगावी लागते, त्याचे काय? त्याला डायल्यूशन रेफ्रिजरेटर म्हणतात. त्याचे तत्त्व आपल्या माठाहून फार दूरचे नाही. माठाचे पाणी झिरपून वाफ होताना उष्णता घेऊन जाते. येथे हेलियमच्या दोन जाती असतात, हलकी आणि जड. पुरेशा थंडीत त्यांचे तेल-पाण्यासारखे दोन थर होतात. हलक्या जातीचे अणू वरच्या थरातून खालच्या थरात उतरताना, जणू वाफ होत असल्याप्रमाणे, उष्णता शोषून घेतात. पंपाने ते ओढून काढावयाचे, पुन्हा द्रव करावयाचे, पुन्हा आत सोडावयाचे, असे हे रहाट अखंड चालते.

तत्त्व सोपे, करणी अवघड. उणे २७१ अंशांच्या सुमारास जड हेलियम असा काही निसरडा होतो, की इतर कोणताही द्रव जेथून जाणार नाही अशा सुईच्या अग्राहून बारीक भेगेतून तो निसटतो. खोलीत तपासताना पक्का वाटलेला सांधा थंडीने आकसून उघडतो. मग सारे यंत्र पुन्हा गरम करा, सांधा शोधा, परत थंड करा, यात दिवसच्या दिवस जातात. येथे गणिताइतकीच वेल्डरच्या मनगटाची परीक्षा असते.

ही यंत्रे फिनलंड, नेदरलँड्स, इंग्लंड, अमेरिका अशा मोजक्या देशांत होतात आणि आपल्या प्रयोगशाळांत बहुतांशी तिकडूनच येतात. कोणी म्हणेल, विकत मिळते ते विकत घ्यावे, त्यात लाज कसली? लाज नाहीच, सुरुवात तशीच होते. परंतु २०२४ साली इंग्लंडने व अमेरिकेने अशी शीतयंत्रे निर्यात-नियंत्रणाच्या यादीत घातली. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याने ओंजळ केव्हा मिटेल याचा विचार करून ठेवावा. अग्निबाणाच्या अतिशीत इंजिनाबाबत आपल्याला हा अनुभव आलाच आहे. १९९३ साली अमेरिकेच्या दबावामुळे रशियाने ती विद्या देण्याचे नाकारले. २०१० चे स्वदेशी इंजिनाचे पहिले उड्डाण फसले, आणि ५ जानेवारी २०१४ रोजी ते यशस्वी झाले. मधली वीस वर्षे ही त्या मिटलेल्या ओंजळीची किंमत होती.

ही गोष्ट या दोन जिल्ह्यांत सांगण्याचे कारण उघड आहे. १९१० साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला. आज ती किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडी नांगराचा शोध त्यांनी लावलेला नव्हता. परदेशी नांगर पाहून त्यांनी तो आपल्या मातीला साजेसा केला, आणि लोखंडाने जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्याची समजूत घालत खपवला. तोच कारखाना पुढे पंपांसाठी नावारूपास आला. आणि १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी पुस्तक आणि कुदळ एकाच मुलाच्या हाती दिली. डोके आणि हात यांची फारकत करू नये, हा धडा या मातीने आधीच गिरवलेला आहे.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. येथल्या तंत्रनिकेतनांत व अभियांत्रिकी महाविद्यालयांत निर्वात नळकाम, बारीक वेल्डिंग, गळती शोधणे यांचे शिक्षण सुरू व्हावे. प्रयोगशाळेतल्या कारागिराला संशोधकाच्या शेजारी मानाची खुर्ची आणि पोटापुरता नव्हे, तर टिकून राहावे असा पगार मिळावा. मुलगी फिटर होते म्हटल्यावर घरात कोणी नाक मुरडू नये. मिशनचे कोट्यवधी रुपये यंत्रे आणतील. ती उघडून पाहण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि पुढे घडवण्याचे धैर्य रुपयांनी येत नाही. ते शिकवावे लागते, आणि त्याला एक पिढी लागते. ती पिढी आज येथल्या शाळांतून बसलेली आहे.