पार्किंगमधला ‘कट्यार’वाद

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त कोजागिरीच्या रात्री गच्चीवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला ‘सोसायटीतील एक आठवण’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. पाण्याच्या टाकीची आठवण सेक्रेटरी सांगणार, लिफ्टची खजिनदार सांगणार. माझ्या वाट्याला भांडण आलं. तेही मेंटेनन्सचं नाही, सिनेमाचं.

२०१५ ची दिवाळी. ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपट लागला आणि आपण वीस-बावीस जण एकदम तिकिटं काढून गेलो. परत आलो ते रात्री साडेदहाला. कुणी वर गेलंच नाही. स्कूटरच्या सीटवर, जिन्याच्या पायरीवर, जागा मिळेल तिथे बसून वाद सुरू झाला. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. वाद एकच : खाँसाहेबांच्या भूमिकेत सचिन पिळगावकर का?

नवीन सभासदांसाठी थोडं सांगतो. मूळ ‘कट्यार’ हे संगीत नाटक, १९६७ सालचं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी आणि खाँसाहेब वसंतराव देशपांडे. पुढे वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी तीच भूमिका रंगभूमीवर पुन्हा उभी केली. म्हणजे सिनेमा निघाला तेव्हा गाणारा खाँसाहेब हयात होता, तरुण होता, भूमिका तोंडपाठ होती. आणि सिनेमात त्यांनी गायलं फक्त. पडद्यावर चेहरा सचिनचा.

आपल्या अ विंगमधल्या नानांना हे सहन झालं नाही. नानांनी तरुणपणी दादरला वसंतरावांचा प्रयोग पाहिलेला. त्यांचं म्हणणं, “गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा, मग खाँसाहेब कोण? ही गाणाऱ्यांची गोष्ट आहे. शिकाऱ्याची असती तर चाललं असतं.” समोर बी विंगमधल्या काकू. त्या म्हणाल्या, “अहो, शेवटी शेवटी त्या माणसाचे डोळे बघितलेत का? हरल्याचं दुःख जिंकलेल्या माणसाच्या तोंडावर दाखवायचं म्हणजे नट लागतो.” तरुण मंडळी काकूंच्या बाजूला. मीही. आणि मी जरा जास्तच बोललो. म्हणालो, “नाना, तुम्हाला सिनेमा नकोच आहे. तुम्हाला तुमचं तरुणपण परत हवंय.”

नाना एकच विचारून गेले, “तू नाटक पाहिलंयस?”

नव्हतं पाहिलं. नाना जिन्याने वर गेले, गुडघे दुखत असताना. लिफ्टमध्ये मी उभा होतो ना.

त्या रात्रीपासून आम्ही बोलत नव्हतो. वार्षिक सभेत ते सूचक असले की मी अनुमोदक व्हायचो नाही. गणपतीत कुणीतरी ‘सूर निरागस हो’ लावलं, तर मला वाटलं नाना आरतीला येणार नाहीत. ते आले, पण मी उभा होतो त्या बाजूला आले नाहीत. सिनेमावरून शेजार तुटतो हे ऐकायला हास्यास्पद वाटतं. तसं ते नव्हतं. मी त्यांच्या आयुष्यातल्या एका चांगल्या रात्रीला म्हातारपणाचा हट्ट म्हटलं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला वॉचमनने एक पाकीट आणून दिलं. आत कॅसेट आणि चिठ्ठी : ‘आधी ऐक, मग भांड.’ आता कॅसेट वाजवायची कशावर? प्लेअर निघाला तो काकूंच्याच माळ्यावर, म्हणजे शत्रुपक्षाकडे. कुठल्याशा प्रयोगाचं घरगुती ध्वनिमुद्रण होतं. हार्मोनियमपेक्षा प्रेक्षकांचा खोकला जास्त.

पण मला नाना काय म्हणत होते ते तेव्हा समजलं. वसंतराव बोलता बोलता गायला लागतात, तेव्हा कुठे बोलणं संपलं आणि कुठे सूर लागला ते सांगता येत नाही. एकाच दमात. राग आला की तानेतच येतो. सिनेमात राहुल देशपांड्यांचं गाणं जबरदस्तच आहे, पण ते स्टुडिओतून येतं आणि राग सेटवरून. दोन्ही उत्तम, तरी सांधा असतोच. नानांना तो सांधा दिसत होता, कारण त्यांनी बिनसांध्याचं पाहिलं होतं.

एवढं झाल्यावर मी माझा मुद्दा सोडला असेल असं वाटत असेल तर तसं नाही. कॅसेट घेऊन मी नानांकडे गेलो आणि आधी त्या रात्रीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. मग विचारलं, “पंडितजींचं काय?” भानुशंकरांच्या भूमिकेत शंकर महादेवन. त्यांनी त्याआधी नट म्हणून कुठे नाव काढलेलं नाही, पण स्वतः गातात. त्यांच्याबद्दल त्या रात्री पार्किंगमध्ये कुणीच, अगदी काकूंनीही, तक्रार केली नव्हती. म्हणजे नानांचाच नियम त्या अर्ध्या सिनेमात पाळलेला : गाणाऱ्याला उभा करा. उरलेल्या अर्ध्यात काकूंचा नियम : नट घ्या, गळा उसना आणा. खाँसाहेबाला राहुल, सदाशिव झालेल्या सुबोध भाव्यांना महेश काळे. त्या गाण्यासाठी महेश काळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणजे उसना गळाही काही हलका नव्हता. आणि नाटकात ‘घेई छंद’ दोन घराण्यांच्या दोन चालींत येतंच की! तिथे आपण पंडितजींची चाल खरी की खाँसाहेबांची, असं विचारतो का?

नाना बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “चहा टाकू का?” याला मी माघार समजलो. ती नव्हती. चहा पिता पिता म्हणाले, “चाली दोन, पण गाणारा प्रत्येकाचा स्वतःचा.”

२०२२ मध्ये ‘मी वसंतराव’ आला. राहुल देशपांडे स्वतः आजोबांच्या भूमिकेत, अभिनयही त्यांचा आणि गाणंही. त्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सकाळी सकाळी माझी बेल वाजली. नाना, हातात पेढे. म्हणाले, “काकूंनाही दे. दोन दे.” काकूंनी दोन्ही खाल्ले आणि निरोप पाठवला की २०१५ मध्ये हा नट तयार असता तर मीही मत बदललं असतं. म्हणजे वाद मिटला नाहीच.

पुढल्या वर्षी नाना गेले.

२०२५ च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ चित्रपट आला. खाडिलकरांचं नाटक १९११ चं. त्यात बालगंधर्वांनी भामिनी केली. पुरुषाने केलेली भामिनी आपल्या पणजोबांनी डोक्यावर घेतली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून ‘मानापमान’ केलं, ते तर अजून लोक सांगतात. अशा परंपरेतले आपण. अमक्याला तमकी भूमिका का दिली, हे भांडण आपल्याला वारशातच मिळालंय.

तर आपण नऊ जण गेलो. सुबोध भावे धैर्यधर, वैदेही परशुरामी भामिनी. परतताना गाडीत मी वाट बघत होतो. काकू म्हणाल्या, “कपडे छान होते.” पार्किंगमध्ये उतरलो आणि सगळे सरळ लिफ्टकडे गेले. दहा वाजायच्या आत दिवे बंद.

मला त्या रात्री झोप लागली नाही. माझं मत होतं की धैर्यधराचं गाणं... पण ते इथे नको, समितीने घंटा वाजवलीच आहे.

दूध पिऊन झाल्यावर ज्यांनी ‘मानापमान’ पाहिलाय त्यांनी खाली पार्किंगमध्ये यावं. काकूंनी प्लेअर खाली आणायचं कबूल केलंय, कॅसेट माझ्याकडे आहे. वॉचमनला सांगून ठेवलंय, बारापर्यंत दिवे चालू राहतील.