बर्टनचा शेतकरी



या व्यासपीठावरून आपण थोरांची चरित्रे नेहमीच ऐकता. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे त्याची गणना थोरांत कोणी केलेली नाही. त्याने ग्रंथ लिहिला नाही, सभा गाजवली नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात त्याची शेती होती, भरले घर होते, आणि रविवारी प्रार्थनेला जाण्याचा नेम होता. त्याचे नाव जॉन श्राग. पंथाने तो मेनोनाइट.

हे मेनोनाइट कोण, असे आपण विचाराल. सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणेची जी लाट उठली, तिच्यात काही मंडळींनी असा आग्रह धरला की, बाप्तिस्मा जाणत्या वयात समजून उमजून घ्यावा आणि ख्रिस्ताच्या अनुयायाने शस्त्र धरू नये. मेनो सायमन्स या डच धर्मोपदेशकावरून त्यांतल्या एका शाखेला हे नाव पडले. कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन्ही सत्तांनी त्यांचा छळ केला. १५६९ साली हॉलंडात डर्क विलेम्स नावाचा असा एक माणूस बर्फावरून पळत असता पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला. डर्क मागे वळला, त्याने त्याला बाहेर काढले, आणि मग पकडला जाऊन जिवंत जाळला गेला. मेनोनाइटांच्या घरोघरी मुले ही कथा ऐकत वाढतात; आपल्याकडे हरिश्चंद्राची ऐकतात तशी.

आपल्या देशालाही हे लोक अगदीच परके नाहीत. १८९७ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी हिंदुस्थानसाठी धान्य आणि पैसा जमवला, आणि १८९९ साली त्यांचे मिशनरी धमतरीला येऊन राहिले. धमतरी त्या वेळी नागपूरच्या कारभाराखालच्या मध्यप्रांतात होते.

श्रागचा जन्म १८६१ चा, रशियन साम्राज्यातल्या व्होल्हिनियात. लष्करात जावे लागणार नाही, या भरवशावर हे लोक त्या देशात राहिले होते. १८७० नंतर सक्तीच्या लष्करभरतीच्या हालचाली सुरू झाल्या आणि भरवसा डळमळला. १८७४ साली गावेच्या गावे उठून अमेरिकेला निघाली. जॉन तेव्हा तेरा वर्षांचा. त्याच साली कॅन्ससमध्ये टोळधाड येऊन गेली होती. अशा भूमीवर या लोकांनी नांगर धरला. रशियाच्या दक्षिण भागातून आलेल्या त्यांच्या धर्मबांधवांनी बरोबर लाल गव्हाचे बी आणले होते. शरदात पेरावा, हिवाळाभर जमिनीत तग धरावा आणि उन्हाळ्याच्या आरंभी कापणीला यावा, असा तो गहू. पुढे कॅन्सस गव्हासाठी प्रसिद्ध झाले, त्यात या वाणाचा वाटा मोठा आहे. श्राग कष्टाने वाढला. बर्टन गावाच्या परिसरात त्याची जमीन झाली, मुले मोठी झाली. सत्तावन्न वर्षांचा, दाढीधारी, खाऊनपिऊन सुखी शेतकरी!

अशा माणसाची परीक्षा फकिराच्या परीक्षेपेक्षा अवघड असते, असे मला वाटते. फकिराचे कोणी काय नेणार?

१९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. सरकारने युद्धकर्जाचे रोखे काढले आणि गावोगावच्या समित्या ते रोखे खपवू लागल्या. कायद्याने ते घेण्याची सक्ती नव्हती. सक्ती होती ती शेजाऱ्यांची. मेनोनाइटांची घरातली भाषा जर्मन, म्हणून संशय दुप्पट. त्यांच्यापैकी पुष्कळांनी निरुपायाने रोखे घेतले. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. श्रागने मात्र घेतले नाहीत. बंदूक धरायची नाही, तर बंदुकीला पैसा तरी कसा द्यायचा, एवढाच त्याचा हिशेब.

११ नोव्हेंबर १९१८. युद्ध संपले! ज्या दिवशी सर्वांना क्षमा करायची, त्याच दिवशी बर्टनची मंडळी मोटारींत बसून श्रागच्या शेतावर गेली आणि त्याला गावात घेऊन आली. त्याने प्रतिकार केला नाही. विजयाच्या मिरवणुकीत निशाण धरून पुढे चाल, असा हुकूम झाला. तो नको म्हणाला. जखमी आणि गरजू यांना मदत करणाऱ्या संस्थांना देणगी देण्याची मात्र त्याने तयारी दाखवली. हे ध्यानात घ्या: पैशाला त्याची ना नव्हती. पण जमावाला पैसा नको होता, त्याची मान हवी होती. निशाण हातात कोंबले, ते खाली पडले. याने निशाण तुडवले, असा ओरडा झाला. त्याच्या अंगावर, केसांत, दाढीत पिवळा रंग ओतून चोळला. पिवळा हा तिकडे भेकडाचा रंग. मग गावच्या कोठडीत घातले, आणि फाशी देण्याची भाषा सुरू झाली.

तेथे टॉम रॉबर्ट्स नावाचा एक गावकरी दारात उभा राहिला. घोडेचोरांचा बंदोबस्त करणारी एक संघटना त्या भागात असे, तिचा तो स्थानिक प्रमुख. हातात पिस्तूल. या माणसाला न्यायचे तर आधी मला आडवा करावा लागेल, असे त्याने बजावले. जमाव थबकला. संध्याकाळी शेरीफने श्रागला न्यूटनच्या तुरुंगात हलवले.

येथे कोणीही विचारील: जो शस्त्र धरत नाही, त्याला शेवटी शस्त्रानेच वाचवले की नाही? प्रश्न रास्त आहे, आणि मी तो टाळणार नाही. रॉबर्ट्सच्या पिस्तुलाचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्या पिस्तुलासाठी श्रागने हाक मारली नव्हती, हेही खरे. ते आले नसते तरी त्याने निशाण उचलले नसते. आणि रॉबर्ट्सला तरी दारात कशाने उभे केले? समोरचा माणूस उलटून मारीत असता, तर कदाचित तोही जमावातच राहता. हा माझा तर्क आहे. आपला वेगळा असू शकेल.

पुढचे थोडक्यात सांगतो. ज्यांनी रंग ओतला ते मोकळे राहिले, आणि खटला झाला तो श्रागवर, हेरगिरीच्या कायद्याखाली. विचिटा येथे डिसेंबरात सुनावणी होऊन तो सुटला. निशाणाला वंदन केलेच पाहिजे असा कायदाच नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेतल्या मुलांवर अशी सक्ती करता येत नाही असे स्पष्ट म्हणायला १९४३ साल उजाडले, आणि तेव्हाही युद्ध चालूच होते.

आता उलटी फिर्याद करण्याचा मार्ग श्रागला खुला होता. आरोपी शोधायला लांब जायला नको होते, सारे ओळखीचेच. त्याने फिर्याद केली नाही. तो घरी, आपल्या माणसांत, आपल्या शेतावर गेला.