मैदानावरची पहिली तीन मिनिटं



5 डिसेंबर 2004. बंगळूरला फेडरेशन कपचा अंतिम सामना, गोव्याचा डेम्पो आणि कोलकात्याचा मोहन बागान. डेम्पोचे दोन्ही गोल क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझीलच्या खेळाडूने केले. दुसऱ्या गोलाच्या वेळी गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. वय 25. डेम्पोने त्याची 10 नंबरची जर्सी पुढे कायमची बाजूला ठेवली. मी कबड्डीचा प्रशिक्षक. पण तेव्हापासून मैदानात पोरगं पडलं, की माझी नजर आधी त्याच्या छातीकडे जाते.

आपण सगळ्यालाच ‘हार्ट अटॅक’ म्हणतो. अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते. असं अचानक कोसळताना बिघडते ती हृदयातली वीज. हृदय आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरत राहतं, मेंदूला रक्त पोचत नाही. कारणं निरनिराळी. 2003 मध्ये लियोंच्या मैदानावर गेलेला कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो 28 वर्षांचा होता. त्याच्या हृदयाचा स्नायू वाजवीपेक्षा जाड झालेला आढळला. हा दोष पुष्कळदा घराण्यातून येतो. म्हणून नाव नोंदवायला आलेल्या मुलाच्या पालकांना मी दोन प्रश्न विचारतो: हा पळताना कधी भोवळ येऊन पडलाय का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सोडून दिलेली भोवळ एकदा डॉक्टरांना दाखवायलाच हवी. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलांना तर हे कुणी विचारतच नाही.

इटलीत 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. तिथल्या व्हेनेतो प्रांतात असे मृत्यू दर लाख खेळाडूंमागे वर्षाला 3.6 होते, ते 2004 पर्यंत 0.4 वर आले. तपासणी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्तियन एरिक्सन आठवा. इंग्लंडमधल्या क्लबात असताना त्याच्या हृदयाच्या तपासण्या होत होत्या आणि त्या ठीक निघत होत्या. तरी 12 जून 2021 ला कोपनहेगनमध्ये, डेन्मार्क-फिनलंड सामन्यात, तो अचानक कोसळला. सहकाऱ्यांनी भोवती कडं केलं, आत डॉक्टर छाती दाबत होते, मग यंत्राने शॉक दिला. तो शुद्धीवर आला, पुढे फुटबॉलही खेळला.

शॉकविना जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. आणि आपल्याकडे ती मिनिटं कशात जातात? पडलेल्याचे हातपाय झटके देतात, तोंडातून घुरघुरल्यासारखा श्वास येतो. ‘फिट आली’ म्हणून कुणी कांदा फोडतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं, कुणी मुठीत किल्ली कोंबतं. भोवती गर्दी. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्या गर्दीत मीही नुसता उभा होतो.

तो घुरघुरणारा श्वास खरा श्वास नव्हे. हाक मारून हलवल्यावर ओ देत नाही, श्वास नीट नाही, एवढं दिसलं की पुरे. एकाने 108 ला फोन लावायचा, एकाने शॉकचं यंत्र आणायला पळायचं, एकाने छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबायला लागायचं: मिनिटाला 100 ते 120 वेळा, दोन इंच खोल. यंत्र स्वतःच बोलून सांगतं काय करायचं ते, आणि गरज नसेल तर शॉक देत नाही. तालुक्याच्या मैदानावर असं एक तरी यंत्र असावं, यासाठी मी भेटेल त्याला गळ घालतो आहे. आमच्याकडे अजून आलेलं नाही.

तोवर दर शनिवारी सराव संपला की आम्ही मातीवर उशा मांडतो. मी शिट्टी वाजवतो, पोरं मोठ्याने आकडे मोजत दाबतात. दोन मिनिटांत हात भरून येतात, जोर कमी पडतो, म्हणून माणूस बदलावा लागतो. सुरुवातीला मला ओरडून सांगावं लागे. आता दुसरा आधीच गुडघे टेकून शेजारी तयार बसलेला असतो.