पुरस्कार प्रयोगशाळेत ठरावा



जिल्ह्यातल्या विज्ञान आणि तंत्रज्ञान शिक्षकांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी आपण माझी निवड केलीत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. गुणवंत विज्ञान शिक्षकांच्या पुरस्कारांवर बोलावं, असं आपण सुचवलंत. तेवढ्याच एका विषयावर बोलणार आहे.

आपण कोपरगावात जमलो आहोत. इथल्या बेटात शुक्राचार्यांचं मंदिर आहे आणि कच-देवयानीची कथा हा परिसर आपली मानतो. असुरांनी कचाला मारून त्याची राख मद्यातून गुरूलाच पाजली. शिष्य पोटात, आणि त्याला बाहेर काढायचं तर गुरूचं पोट फाटणार. तेव्हा शुक्राचार्यांनी पोटातल्या शिष्याला संजीवनी विद्या शिकवली. कच बाहेर आला, तेव्हा गुरू निष्प्राण पडले होते. सांगायला, चुकलं तर सावरायला कोणी नव्हतं. त्या अवस्थेत शिष्यानं एकट्यानं विद्येचा प्रयोग केला आणि गुरूला उठवलं. शिक्षक समोर नसताना विद्यार्थ्याला ती गोष्ट स्वतःच्या हातानं करता येते का, ही अध्यापनाची कसोटी मला या कथेत दिसते. आपले पुरस्कार ही कसोटी लावतात का?

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार 1958 पासून दिले जातात. पूर्वी दरवर्षी तीनशेहून अधिक शिक्षकांना ते मिळत. 2018 पासून पद्धत बदलली. शिक्षकानं स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा, जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय समित्यांनी छाननी करायची, आणि संख्या पन्नासच्या आत आली. वशिल्याला त्यामुळे आळा बसला, हे मोठं काम झालं. 2020 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेचे नारायण मंगलारम यांना हा सन्मान मिळाला. त्याच वर्षी 3 डिसेंबरला माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले 'ग्लोबल टीचर प्राइज'चे मानकरी ठरले. पुस्तकातल्या धड्यावर क्यूआर कोड छापायचा, तो मोबाइलनं स्कॅन केला की कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते. त्यांनी हे आधी आपल्या वर्गात करून पाहिलं, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते कोड आले. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. स्पर्धेत मागे राहिलेल्यांचं काम आपल्या कामाइतकंच मोलाचं आहे, असं जगासमोर म्हणायला मोठं मन लागतं. मराठी शिक्षकानं ते दाखवलं, याचा मला फार अभिमान आहे.

पण पुरस्काराचा प्रस्ताव तयार करणं हे काय असतं, ते या सभागृहात बसलेल्यांना ठाऊक आहे. कात्रणं, फोटो, शिफारसपत्रं, उपक्रमांचे अहवाल, प्रमाणपत्रांच्या सत्यप्रती. जाडजूड फाइल होते, आता तिची पीडीएफ होते. जो शिक्षक शाळा सुटल्यावर ब्युरेट धुऊन, स्पिरिटचे दिवे भरून, उद्याच्या तासाची मांडामांड करत बसतो, त्याला फोटो काढायलाही सवड नसते. तो प्रस्तावच पाठवत नाही. असे कितीतरी उत्तम विज्ञान शिक्षक सेवानिवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी जातात.

याच तालुक्यातल्या एका शाळेत मी एक तास पाहिला होता. गोदावरीच्या कालव्यांचं पाणी या भागाला शंभर वर्षांहून अधिक काळ मिळतं आहे. त्या पाण्यानं ऊस आणला, साखर कारखाने उभे केले, आणि काही रानं क्षारपडही केली. बाईंनी मुलांना आपापल्या वावरातली मूठभर माती आणायला सांगितली होती. मुलांनी ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळली, गाळली, आणि स्वच्छ दिसणाऱ्या त्या पाण्याचे दोन-तीन थेंब काचपट्टीवर घेऊन मंद आचेवर आटवले. कुणाच्या पट्टीवर पुसट डाग राहिला, तर एकीच्या पट्टीवर पांढरा पापुद्रा धरला. हळदीचा कागद बुडवला, तर त्याच मातीच्या पाण्यात तो लालसर झाला. मुलगी गप्प झाली. मग तिनं विचारलं, "बाई, आमच्या शेजारच्यांचं रान चांगलं आहे. पाणी तर एकाच चारीचं आहे, मग आमच्याच मातीत मीठ का?" बाईंनी उत्तर दिलं नाही. पाण्याचा निचरा कुठे होतो ते घरी जाऊन बघ, एवढंच म्हणाल्या. त्या तासाचा फोटो कुणीही काढला नाही.

पुरस्काराच्या परीक्षकानं बघायचं ते हे. दहावीला प्रात्यक्षिकाचे 20 गुण असतात. ते गुण बहुतेक ठिकाणी भरभरून पडतात. पण जर्नल फळ्यावरून उतरवलेलं आहे की हातानं केलेल्या प्रयोगाचं आहे, हे त्या वर्गातल्या दोन मुलांच्या हातात परीक्षानळी दिली की पाच मिनिटांत कळतं. फाइल तपासून ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट. राज्य सरकारच्या क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कारांत कला-क्रीडा शिक्षकांचा वेगळा प्रवर्ग आहे, स्काउट-गाइडचाही आहे. ते असायलाच हवेत. विज्ञान शिक्षकाला मात्र माध्यमिकच्या सर्वसाधारण प्रवर्गात उभं राहावं लागतं, आणि तिथं प्रयोगशाळेतल्या कामाचं वेगळं मोल होत नाही. आपलं विज्ञान प्रदर्शन याबाबतीत पुढे आहे. तिथं शिक्षकांच्या शैक्षणिक साहित्याचा गट असतो, आणि परिचरांच्या साहित्याचाही असतो. आम्ल कुठल्या बाटलीत आहे, कुठली काच तडकली आहे, हे ज्याला अंधारातही सांगता येतं, त्या माणसाला प्रयोगशाळेच्या श्रेयात वाटा देणारी ही जुनी आणि न्याय्य पद्धत आहे.

म्हणून माझी संमेलनाला विनंती आहे. उद्याच्या खुल्या अधिवेशनात एक ठराव मांडावा. राज्य पुरस्कारांत विज्ञान आणि तंत्रज्ञान शिक्षकांचा स्वतंत्र प्रवर्ग असावा. परीक्षकांनी पूर्वसूचना न देता साध्या दिवशी शाळेत यावं, शिक्षकाला बाहेर बसवून मुलांकडून प्रयोग करून घ्यावा आणि त्याला निम्म्याहून अधिक गुण ठेवावेत. नाव सुचवण्याचा अधिकार माजी विद्यार्थ्यांनाही असावा. शासन निर्णय होईपर्यंत आपण थांबू नये. येत्या तालुका विज्ञान प्रदर्शनापासून कोपरगावानं ही पद्धत आपल्यापुरती सुरू करावी, आणि पहिल्या तपासणीसाठी मला बोलवावं. मी येईन.