नाव कमावणे आणि नाव मिरवणे



‘पर्सनल ब्रँडिंग’ हा शब्द तुमच्यापैकी काहींना नवा वाटेल. ज्यांची मुले पुण्या-बंगळुरूत मोठ्या हुद्द्यांवर आहेत, त्यांच्या घरी मात्र तो नेहमी ऐकू येतो. वरिष्ठ अधिकाऱ्याने कंपनीखेरीज स्वतःचेही नाव लोकांपुढे ठेवावे, लिंक्डइनवर लिहावे, परिषदांत बोलावे, असे सांगितले जाते. यात गैर काही नाही. हुद्दा कंपनीचा असतो; तो गेला की व्हिजिटिंग कार्ड रद्दीत जाते. प्रश्न एवढाच, की ते नाव कशाच्या आधारावर उभे करायचे?

बेळगावात बोलताना उदाहरण दूर शोधायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केले, तर लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. मग बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसू लागली. माणूस आधीपासून ओळखीचा होता; त्या ओळखीवर जमीन मिळाली.

१९२० साली शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची माहिती देणारे ते पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. मागोमाग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. कारखान्याचे नाव मराठी घरांत पोचले, पण ते इतरांच्या लेखणीला जागा देऊन.

आता माझी चूक सांगतो. एका कारखान्यात मी वरच्या पदावर होतो. आमच्या ओतशाळेत माल फार नापास होत असे. त्याचे कारण रात्रपाळीच्या फोरमननी शोधले: वाळूतला ओलावा. वर्षभरात विभाग सावरला. पुढे एका सल्लागाराने माझ्या नावाने लेख लिहिला, ‘मी विभाग कसा सावरला’. मी तो वाचला आणि छापू दिला. अभिनंदनाचे फोन आले, दोन परिषदांची निमंत्रणे आली.

दुसऱ्या दिवशी फोरमन फाटकापाशी भेटले. म्हणाले, “साहेब, लेख वाचला. छान लिहिलाय.” एवढेच. त्यानंतर ते माझ्या केबिनमध्ये एकही तक्रार घेऊन आले नाहीत. बाहेर माझे नाव वाढत होते, आणि कारखान्यात काय बिघडते आहे हे मला सर्वांत शेवटी कळू लागले.

म्हणून तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमची मुले, या वाटेला लागली असतील तर तीन गोष्टी सांगतो. थोडे लिहा, पण स्वतः लिहा. ज्याने काम केले त्याचे नाव घ्या, आणि छापण्याआधी त्याला वाचून दाखवा. फसलेला एखादा निर्णयही सांगा. हाताखालची माणसे तुमचा लेख वाचत असतात, आणि खरे काय घडले ते त्यांना ठाऊक असते.

निवृत्तीच्या समारंभात मी त्या फोरमनचे नाव घेऊन सगळी हकिगत सांगितली. टाळ्या झाल्या. पण ते चार वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेले होते.