मर्यादा कोणी पाळावयाची?
(धम्मसभेत केलेले भाषण)



पृथ्वीची संपत्ती अमर्याद नाही, हे सत्य १९७२ साली ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ ह्या ग्रंथाने जगापुढे मांडले. लोकसंख्या, कारखानदारी, अन्न, प्रदूषण आणि साधनसंपत्तीचा क्षय अशा पाच गोष्टींचा तो हिशेब होता. आपल्या राज्यकर्त्यांची दृष्टी मात्र त्यांपैकी एकीवरच खिळली. ती म्हणजे गरिबांची मुले!

आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ ह्या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. त्याच वर्षी पॅरिस येथील व्याख्यानांत मिशेल फूको हे तत्त्वज्ञ, प्रजेच्या जन्ममृत्यूचा कारभार हाती घेणाऱ्या सत्तेचे विवेचन करीत होते. त्या सत्तेला ‘जैवसत्ता’ म्हणतात. तिचा अर्थ आम्हांस ग्रंथांतून शिकावा लागत नाही. आमच्या स्पर्शावर, सावलीवर आणि तहानेवर बंधने घालणारी व्यवस्था आमच्या पूर्वजांनी शतकानुशतके भोगली आहे.

मग संततिनियमन त्याज्य आहे काय? मुळीच नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला होता. सभागृहाने तो फेटाळला. त्या ठरावामागे मातेच्या आरोग्याची कळकळ होती. स्त्रीच्या हाती साधन देणे निराळे आणि माणसाच्या देहावर सत्तेने हात टाकणे निराळे!

निसर्गाची मर्यादा खरी आहे. ती नाकारणे हा अविचार होय. परंतु प्रत्येक टंचाई निसर्गाने निर्माण केलेली नसते. महाडच्या चवदार तळ्यात पाणी नव्हते काय? होते; तरीही ते ओंजळभर घेण्यासाठी १९२७ साली आम्हांस सत्याग्रह करावा लागला. म्हणून साधने अपुरी आहेत असे जेव्हा आपणांस सांगण्यात येईल, तेव्हा प्रथम विचारा : ती कोणाच्या ताब्यात आहेत?

तथागतांनी दुःखाचे मूळ तृष्णेत दाखविले, माणसांच्या संख्येत नव्हे. ज्याच्या घरी दिवा नाही, त्याला काटकसर शिकविणे हा धम्म नव्हे. मर्यादा प्रथम उपभोगावर पडली पाहिजे, आणि ती सर्वांनी मिळून समतेने ठरविली पाहिजे. हा आग्रह धरणे आपले कर्तव्य आहे.

जय भीम!