गाडीखाली शिरण्यापूर्वी



आज मी तुमच्याशी बोलणार आहे तुमच्या अंगणात, खळ्याशेजारी किंवा सोसायटीच्या गोदामापुढे उभ्या असलेल्या छोट्या मालगाडीबद्दल. कोणी तिला पिकअप म्हणतात, कोणी छोटा हत्ती म्हणतात, आणि जुनी माणसे सरसकट टेम्पो म्हणतात. हा टेम्पो शब्द आपला नव्हे बरं का. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचे ते नाव. १९५८ साली त्या कारखान्याच्या सहकार्याने आपल्याकडे बजाज टेम्पो कंपनी निघाली, तिची तीनचाकी रस्त्यावर आली, आणि नाव मालाच्या सगळ्याच लहान गाड्यांना चिकटले. १९६९ मध्ये मॅटाडोर आली. २००५ मध्ये टाटांची एस आली, दोन सिलिंडरांची, पाऊण टन माल नेणारी. तिचे बारसे लोकांनीच छोटा हत्ती म्हणून केले.

बैलगाडीचे सगळे दुखणेखुपणे मालकाला ठाऊक असे. वंगण कधी घालायचे, धाव कधी ढिली झाली, हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. या नव्या गाडीचेही बरेचसे काम तो स्वतःच करतो, किंवा वाडीवरचा एखादा हुशार पोरगा करतो, कारण गॅरेज वीस कोसांवर आणि टोमॅटो काही थांबत नाहीत. ते चूक आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः पंचवीस वर्षे गॅरेजात काढली, पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांना हेच काम शिकवले, आणि घरच्या माणसाने गाडी जाणावी असेच माझे मत आहे. पण बैलगाडी अंगावर आली तरी माणूस बहुधा वाचे. पिकअप रिकामी असली तरी दीड टनाच्या घरात भरते. तिच्याखाली शिरताना काय करावे, हे आज मुख्यतः सांगायचे आहे.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते, आणि रस्त्याच्या कडेला काळ्या रानात एक मॅटाडोर पाटा तुटून बसली होती. आमचे मिस्त्री, मी आणि एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा असे तिघे गेलो. मी जॅक लावला, गाडी उचलली, मागचे चाक काढले आणि ते बाजूला लोटून दिले. पोरगा लागलीच आडवा होऊन आत सरकला. मिस्त्री तिकडून ओरडले, "अरे भल्या माणसा, चाक कुठं टाकलंस? ते आत घाल आधी!" मला राग आला. चाक आत घालून काय करायचे, दुरुस्ती तर पाट्याची आहे, असे मनात म्हणत मी ते चाक आडवे करून चासीखाली सरकवले. दहा मिनिटे झाली असतील नसतील, जॅकची बैठक एका अंगाने चिखलात खचली, जॅक तिरका होऊन निसटला आणि गाडी खाली आली. ती आली ती त्या आडव्या चाकावर. पोराच्या छातीत आणि चासीत वीतभर अंतर राहिले होते. त्याला आम्ही ओढून बाहेर काढला तेव्हा तो रडत नव्हता, हसतही नव्हता. नुसता आमच्या तोंडाकडे पाहत होता. मिस्त्री मला एक शब्द बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनी त्या दिवशी घेतला नाही.

मंडळी, जॅक गाडी उचलतो, तो गाडी धरून ठेवत नाही. तेलाचा जॅक आत तेल दाबून गाडी तोलतो आणि ते तेल अडवून धरणारे असते एक रबरी सील. सील झिजले, तेल परतू लागले, की जॅक हळूहळू किंवा एकदम बसतो. स्क्रूचा जॅक असा बसत नाही, पण कलंडतो. त्यात आपण खाली पडून गंजलेला बोल्ट सोडवण्यासाठी पान्याला हिसके देतो, आणि प्रत्येक हिसक्याला वरची गाडी हलते.

म्हणून काम असे करावे. गाडी सपाट, कठीण जागेवर घ्यावी. काळ्या जमिनीवर जॅकखाली हातभर लांबरुंद जाड फळी असल्यावाचून गाडी उचलूच नये. हँडब्रेक ओढावा, आणि जे चाक उचलायचे त्याच्या समोरच्या टोकाच्या चाकाला, म्हणजे मागचे डावे उचलायचे तर पुढच्या उजव्याला, दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. पुष्कळ जण म्हणतात, "गाडी गिअरमध्ये आहे की!" त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. मागच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असते. एक मागचे चाक हवेत गेले की ते उलटे फिरू शकते, आणि त्यामुळे जमिनीवरचे दुसरे चाक गिअरमध्ये असूनही सुलटे घरंगळू शकते. गिअरचा भरवसा नेमका त्याच वेळी संपतो. दगड मात्र दगडच राहतो.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा-अर्धा आटा ढिले करावेत, मग गाडी उचलावी. आणि आत जायचे असेल तर ॲक्सलखाली किंवा चासीखाली लोखंडी स्टँड लावून गाडी त्यावर उतरवावी. स्टँड नसेल तर सागवानी किंवा बाभळीचे ठोकळे एकावर एक आडवे-उभे, चौकटीसारखे रचावेत. विटा नकोत, आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर मुळीच नकोत; ते अखंड भिंतीत वजन पेलतात, पण एका टोकावर लोखंड टेकले की पापडासारखे फुटतात. गाडी ठोकळ्यावर बसली की बाहेर उभे राहून तिला हाताने दोन धक्के द्यावेत. हलायची असेल तर ती तेव्हाच हलू दे. काढलेले चाक तरीही आत आडवे घालावे. आणि गाडीची किल्ली, जो आत जाणार त्याच्या खिशात.

ग्रामपंचायतीच्या घंटागाडीला आणि वाळू-खडीच्या छोट्या टिपरला हेच, किंबहुना अधिक लागू आहे. हौदा वर उचलून त्याच्याखाली ग्रीस भरायला किंवा गळकी नळी पाहायला माणूस वाकतो. त्या हौद्याला वर धरून ठेवलेले असते केवळ नळीतल्या तेलाने. नळी फुटली, किंवा केबिनमध्ये बसलेल्या मुलाचा हात खटक्यावर पडला, तर हौदा खाली यायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. काही गाड्यांना हौद्याखाली टेकवायचा लोखंडी दांडा असतो. तो गंजून पडला असेल तर सोडवून घ्या, नसेल तर बसवून घ्या, आणि हौदा नेहमी रिकामा करूनच उचला.

आता ब्रेककडे येऊ. ब्रेकच्या तेलाबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. ते वंगण नव्हे. पायाने दाबलेला जोर चाकापर्यंत पोचवणे एवढेच त्याचे काम. गुरुजनहो, वर्गात हे दाखवायचे असेल तर इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या, सुई नसलेल्या, एक लहान आणि एक मोठी, सलाईनच्या नळीने जोडा आणि पाण्याने भरा. लहानीला बोटाने दाबले की मोठीतून जास्त जोर येतो. पास्कलचा नियम मुलांना त्या दिवसापासून कधी विसरायचा नाही. मग त्याच नळीत एक हवेचा बुडबुडा ठेवून पुन्हा दाबायला सांगा. जोर बुडबुड्यातच जिरतो.

हा बुडबुडा घाटात आपोआप तयार होतो. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. नवे डॉट ३ प्रतीचे तेल निदान २०५ अंश उष्णतेपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेले तेल १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. जुन्नर-नारायणगावकडचा माल घेऊन माळशेज उतरताना तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच आलात, तर ड्रम तापतात, तेल उकळते, वाफ होते, आणि पायडल थेट जमिनीला लागते. म्हणून हे तेल दोन वर्षांनी, गाडी चालो वा उभी राहो, बदलावे. डबीवर जी प्रत लिहिली असेल तीच घालावी. अडचणीत कोणी इंजिन ऑइल ओततात. त्याने रबरी वायसर फुगतात आणि सगळे ब्रेक नव्याने करावे लागतात, तेही गाडी कुठे आदळली नसेल तर.

उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. पूर्वीच्या तीनचाकीवर ते चालून गेले असेल, म्हणजे दैवाने. आजच्या पिकअपमध्ये ब्रेकला जोड देणारा बूस्टर इंजिन चालू असतानाच भरतो. इंजिन बंद झाले की दोन-तीन वेळा पाय दाबल्यावर पायडल दगडासारखे होते. घाट जेवढ्या गिअरने चढाल तेवढ्याच गिअरने उतरा.

आणखी एक खोड आहे, आणि ती करताना आपण फार शहाणपणा केला असे वाटते. पाऊण टनाच्या गाडीला दीड टन कांदा भरता यावा म्हणून मागे दोन-दोन पाटे वाढवून घेतात. पाटा मोडत नाही, हे खरे. पण बऱ्याच गाड्यांत चासी आणि मागचा ॲक्सल यांच्यामध्ये एक छोटा दांडा आणि व्हॉल्व असतो. गाडी मालाने किती खाली बसली हे पाहून तो मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवले की गाडी बसतच नाही. व्हॉल्वला वाटते हौदा रिकामा आहे, आणि दीड टन कांद्याला तो रिकाम्या गाडीचा ब्रेक देतो. मालक मात्र लायनर खराब म्हणून मिस्त्रीला शिव्या घालतो.

डिझेलबद्दल जुन्या हातांना सावध करायचे आहे, कारण इथे चूक अडाण्याची होत नाही, जाणत्याची होते. टाकी रिकामी होऊन पंपाने हवा घेतली की नोझलची नळी ढिली करायची, स्टार्टर मारायचा आणि फसफस थांबली की आवळायची, हे आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर केले. २०२० च्या एप्रिलपासून नव्या धुराच्या नियमांनी ज्या डिझेल गाड्या आल्या, त्यांत आणि त्याआधीच्याही अनेकांत कॉमन रेल पद्धत आहे. तुमच्या टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला तीन-चार किलोंचा दाब असतो. या नळ्यांत हजार किलोंच्या वर जातो. ढिल्या नळीतून सुईएवढी धार आली तर ती कातडी भेदून आत शिरते. बाहेरून दिसते बाभळीचा काटा टोचल्यासारखे, फारसे दुखतही नाही, आणि दोन-चार तासांत हात सुजून काळा पडू लागतो. अशा वेळी हळद लावून झोपू नये. तडक मोठ्या रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की दाबाचे डिझेल आत गेले आहे. नव्या गाडीत हवा काढायची ती फिल्टरवरच्या हातपंपाने. जाड नळ्यांना हात लावू नये, आणि गळती बोटाने चाचपण्याऐवजी पुठ्ठा पुढे धरून पाहावी.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, उजळणी करतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. बॅटरीची तार काढताना आधी ऋण, लावताना ऋण शेवटी. आणि पाणी पाहायला काडी ओढू नये, कारण चार्ज होताना तिच्यातून जळणारा वायू निघतो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नये.

गुरुजनहो, तुमच्याशी दोन शब्द वेगळे. सुट्टीत तुमच्या वर्गातली मुले गॅरेजात हाताखाली जातात. २०१६ च्या कायदादुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलाला तिथे कामावर ठेवता येत नाही. शाळा सांभाळून घरच्यांना मदत करण्याची जी सूट आहे, ती धोक्याच्या कामांना नाही. पण गाडीखाली सरकायला अंग लहान लागते, म्हणून पोरालाच पाठवतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या मॅटाडोरखालीही आम्ही त्यालाच का पाठवले होते, याला दुसरे उत्तर माझ्याजवळ नाही. पालकसभेत हा विषय काढा. तसेच क्रीडास्पर्धांना मुले न्यायला पिकअप बोलावू नका; हौदा मालासाठी आहे, त्यात धरायला काही नसते.

चाक बदलून झाले, की नट एका ओळीने गोल न आवळता समोरासमोरचे आवळावेत, म्हणजे चाक सरळ बसते. मग बाजाराला खुशाल निघा, पण पन्नास-शंभर किलोमीटरवर जिथे चहाला थांबाल तिथे पाना काढून ते पुन्हा एकदा आवळून पाहा. एखादा तरी पाव आटा घेईल. आणि ती फळी, जॅकखालची, शेतावर विसरू नका. सीटच्या मागे तिच्यापुरती जागा असते.